पंधरा किलो

दिल्लीत मंडी हाऊसच्या चौकातून इंडिया गेटकडे जो रस्ता जातो, त्यास कोपर्निकस मार्ग म्हणतात. इंग्रजांच्या अमदानीत तो लिटनसाहेबांच्या नावाने ओळखला जाई. व्हाइसरॉयच्या जागी खगोलशास्त्रज्ञ आला, हा बदल आम्हांस मनापासून पसंत आहे. आमची कचेरी याच रस्त्यावर आहे, आणि आयुष्याची पुष्कळ वर्षे एकाच खुर्चीवर बसून काढणाऱ्या माणसास कोपर्निकसासारखा दुसरा दिलासा नाही. पृथ्वी सूर्याभोवती फिरते, असे त्याने १५४३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात प्रतिपादिले. म्हणजे आम्ही फायलीवर टिपण लिहीत असतो त्या क्षणीही सेकंदास सुमारे ३० किलोमीटर या वेगाने आमचा प्रवास चालूच असतो! शिवाय या प्रवासात सामानाचे वजन कोणी करीत नाही. टेबल, कपाट, फायलींचे गठ्ठे, वरिष्ठ अधिकारी, सारे काही बरोबर नेण्याची मुभा आहे.

इतर प्रवासांची गोष्ट मात्र निराळी.

दुपारी चहाच्या वेळी पाय मोकळे करण्यासाठी आम्ही जुन्या महाराष्ट्र सदनापर्यंत एक फेरी मारतो. कस्तुरबा गांधी मार्गावर २०१३ साली नवे सदन झाले, तेव्हापासून हे सदन 'जुने' म्हटले जाऊ लागले. परंतु परमुलखात मराठी बोल कानी पडण्याची जागा म्हणून आम्हांस ते अजून नवेच वाटते. फाटकापाशी टॅक्सी थांबते, मागचे झाकण उघडते आणि सामान खाली येऊ लागते. त्या सामानावरून माणूस ओळखण्याचा आम्हांस छंद जडला आहे. एक चपटी पिशवी आणि काखेत फायलींचे पुडके असले, तर ते मंत्रालयातील अधिकारी. बैठक आटोपून रात्रीच्या विमानाने परत जाणारे. कागदांनी फुगलेली पिशवी छातीशी धरलेला, चेहऱ्यावर आठ वर्षांचा जुना अन्याय वागवणारा गृहस्थ दिसला, तर तो याच रस्त्यावरील केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणात आपल्या बढतीचा दावा घेऊन आलेला. आणि दोन मोठ्या पेट्या, तीन पिशव्या, एक पाण्याचा थर्मास व दोरीने बांधलेला एक पत्र्याचा डबा असा संसार उतरू लागला, की समजावे, या मंडळींचे कोणीतरी दिल्लीत नोकरीला आहे. तो डबा त्यांचा स्वतःचा नव्हे.

हा शेवटचा सिद्धान्त आम्हांस अलीकडे उमगला. तो उमगण्यापूर्वी आम्ही स्वतः हलक्या सामानाचे मोठे पुरस्कर्ते होतो, आणि त्याबद्दल कचेरीत आमची कीर्तीही होती.

कीर्तीचे कारण सांगतो. आम्ही केंद्र सरकारचे उच्च श्रेणी लिपिक, वेतनस्तर चौथा. प्रवास-सवलतीत आमच्या श्रेणीस आगगाडीच्या वातानुकूलित तिसऱ्या वर्गाचा हक्क आहे, विमानाचा नाही. परंतु घर रत्नागिरीस, रजा नेहमीच अपुरी, आणि मुंबईपर्यंत विमानाने गेल्यास दीड दिवस वाचतो. म्हणून भाड्यातील फरक पदरचा घालून आम्ही विमानाने जाऊ लागलो. पदरचे पैसे घातलेला मनुष्य नियमांच्या बाबतीत फार दक्ष होतो. देशांतर्गत विमानात साध्या वर्गाच्या प्रवाशास बहुतेक कंपन्या पेटीत १५ किलो आणि हाती ७ किलो सामान नेऊ देतात. त्यापुढे प्रत्येक किलोस वेगळा आकार. आता गंमत पाहा. आमची बदली झाली, तर घरचे बिऱ्हाड हलवण्यासाठी हेच सरकार आमच्या श्रेणीस १५०० किलो सामानाचा खर्च देते. सहाव्या स्तरापासून वरच्या अधिकाऱ्यांस तर ६००० किलोंपर्यंत मुभा आहे. त्यांचे संसार चौपट जड असतात असे सरकारने गृहीत धरले आहे, व ते अगदीच चुकीचे नसावे. ते काही असो, बदली होते तेव्हा आमची किंमत १५०० किलो आणि घरी जातो तेव्हा १५. बरोबर शंभरावा हिस्सा!

या शंभराव्या हिश्श्यात बसण्याचे शास्त्र आम्ही परिश्रमाने सिद्ध केले. जड जोडे पायांत घालावे, चपला पेटीत टाकाव्या. कपड्यांच्या घड्या न करता गुंडाळ्या कराव्या. जागा कमी लागते आणि सुरकुत्याही कमी पडतात. आठ दिवसांस तीन शर्ट पुरतात, मात्र रात्री एक धुऊन वाळत घालण्याची लाज वाटता कामा नये. साबण, तेल, दंतमंजन ही घरोघरी असतातच. लिथियमच्या सुट्या बॅटऱ्या आणि पॉवर बँक पेटीत चालत नाहीत, त्या हाती घ्याव्या. आणि सर्वांत महत्त्वाचा नियम असा, की जी वस्तू उचलताना 'लागली तर?' असा विचार मनात येईल, ती मुकाट्याने परत फडताळात ठेवावी. 'लागली तर' याइतकी जड वस्तू जगात दुसरी नाही. या सर्वांवर कळस म्हणून आम्ही एक लटकता वजनकाटा विकत घेतला. आकड्याला पेटी अडकवावी, हाताने उचलावी, की वजन अंकांत दिसते. कचेरीत कोणी प्रवासास निघाला, की तो काटा उसना जाई आणि त्यासोबत आमचे प्रवचनही.

एकदा आमच्या मंत्रालयातील एक मराठी अवर सचिव सपत्नीक पर्यटनास निघाले. मुंबईहून लक्षद्वीपपर्यंत बोटीने जाऊन यायचे होते. त्यांनी आम्हांस मुद्दाम बोलावून सल्ला विचारला. आम्ही बोटीत कधी पाऊल ठेवले नव्हते. परंतु लिपिकाचा धर्म असा, की जे अनुभवाने कळत नाही ते नियमावली वाचून कळते. आम्ही वाचून सांगितले : साहेब, बोटीवर विमानासारखे काट्यावर तोलणे नसते, पण खोली इवलीशी असते, तेव्हा चार पेट्या नेल्यास आपण दोघांपैकी एकास बाहेर झोपावे लागेल. पेट्या धक्क्यावरच ताब्यात घेतात आणि त्या खोलीशी पोचेपर्यंत कित्येक तास जातात. म्हणून औषधे आणि त्या दिवसाचे कपडे हातातल्या पिशवीत असू द्यावे. इस्त्री नेऊ नये, आगीच्या भयाने ती काढून घेतात. आणि घरचे खाण्याचे पदार्थ बहुतेक अशा बोटींवर चढवू देत नाहीत.

"म्हणजे लाडूसुद्धा नाही?" साहेबांच्या पत्नीने विचारले.

"नाही, बाईसाहेब."

"मग न्यायचं तरी काय?" त्या म्हणाल्या.

आम्ही त्या वेळी हसलो. आज वाटते, प्रश्न फार चांगला होता.

बोटीचे नाव निघाले म्हणजे आम्हांस आमचे आजोबा आठवतात. कोकणी माणसाला बोट ही चैनीची गोष्ट म्हणून ठाऊकच नव्हती. २०१८ साली मुंबई-गोवा 'आंग्रिया' नावाची आलिशान पर्यटक-बोट सुरू झाली होती, ती पुढे लवकरच बंदही पडली; परंतु त्याच्या कितीतरी आधी, आगगाडी कोकणात यायची होती तेव्हा, त्याच पाण्यावरून कोकणची आगबोट धावत असे. कोकण रेल्वे रत्नागिरीवरून संपूर्ण मार्गावर धावू लागली ती १९९८ साली. त्यापूर्वीची कित्येक दशके घाटाचा रस्ता नको असलेल्यास मुंबईची वाट समुद्रातूनच होती. आणि पावसाळा सुरू झाला की तीही बंद होई.

आजोबा पन्नासाच्या सुमारास मुंबईत गिरगावातील एका पेढीवर नोकरीस होते. ते सांगत, की किनाऱ्यावरील पुष्कळ बंदरांत बोट धक्क्याला लागत नसे. ती खोल पाण्यात उभी राही आणि माणसे पडावातून तिच्यापर्यंत जात. पडाव खाली-वर होत असे, शिडी हलत असे. एका हाताने दोर धरायचा आणि दुसऱ्या हाताने सामान. म्हणून सामानाचे माप ठरलेले : एका हाताने वर चढवता येईल तेवढे. आजोबांचे स्वतःचे सामान म्हणजे दोन धोतरे, दोन सदरे आणि एक पंचा. ते सारे वळकटीतच मावे. डेकवर जागा धरण्यास ती वळकटीच उपयोगी पडे; ती पसरली की तेवढी जमीन मुंबईपर्यंत आपली.

"मग हातात काय असे?" आम्ही लहानपणी विचारीत असू.

"बोचकं," आजोबा म्हणत. "वाडीचं."

त्या बोचक्यात एका घरची आमसुले असत, दुसऱ्या घरचे कुळथाचे पीठ, तिसऱ्या घरची फणसपोळी. कोणाची आई आदल्या संध्याकाळी ओटीवर येऊन म्हणे, "एवढं आमच्या बाळ्याला पोचव हो." बोट सकाळी भाऊच्या धक्क्याला लागली, की आजोबा आधी खोलीवर जात नसत, बोचके सोडून चार ठिकाणी पुड्या पोचवीत आणि मग पेढीवर जात. खोलीत दहा-बारा जण राहत. जो गावाहून येई त्याच्या बोचक्याकडे सर्वांचे डोळे लागलेले असत. आजोबा सांगत, रिकाम्या हाताने आलेला मनुष्य त्या खोलीत फक्त एकदा आला होता. त्याच्या घरी मागे कोणी उरलेच नव्हते. त्या रात्री सर्वांनी आपापल्या डब्यांतील थोडे थोडे काढून त्याच्या फळीवर ठेवले.

ही हकीकत आम्ही पुष्कळ वेळा ऐकली होती. तरीही त्यातून आम्ही एवढेच घेतले, की आजोबा तीन कपड्यांत भागवीत. आणि हलक्या सामानाच्या प्रवचनात तो दाखला आम्ही अभिमानाने देत असू.

आता जे सांगायचे ते सांगतो.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. मे महिन्यात आम्ही एकटेच घरी गेलो होतो. मुलीच्या शिकवणीमुळे सौ. दिल्लीस राहिल्या होत्या. वडील वारल्यापासून आई थोरल्या बंधूंकडे रत्नागिरीसच असते. परत निघण्याच्या दिवशी तिने ओटीवर एकेक जिन्नस मांडला : मेतकूट, भाजणी, गोडा मसाला, आमसुले, कुळथाचे पीठ, सांडगी मिरच्या, आंबापोळी, खोबऱ्याच्या वाट्या आणि नव्या कैऱ्यांच्या लोणच्याची बरणी, तोंडाला दादरा बांधलेली. आम्ही काटा काढला. आईने तो प्रथमच पाहिला. बाजारात मासळी तोलतात तसा तो आपल्या मुलाच्या हाती पाहून तिला हसू आले.

आम्ही हसलो नाही. आम्ही खोबऱ्याच्या वाट्या बाजूला काढल्या आणि नियम समजावून सांगितला : सुक्या खोबऱ्यात तेल फार असते, ते आपोआप तापून पेट घेऊ शकते, म्हणून विमानाच्या पेटीत ते निषिद्ध आहे. हे खरेच आहे. २०२४ साली शबरीमलाच्या यात्रेकरूंना इरुमुडीतील नारळ हातातल्या सामानातून नेण्याची परवानगी सरकारने दिली, तीही तात्पुरती, २० जानेवारी २०२५ पर्यंतची. देवाच्या नारळाची ही कथा, तर आमच्या आमटीतल्या खोबऱ्यास कोण विचारतो! आई म्हणाली, "अरे, इतकी वर्षं माळ्यावर आहे, कधी पेटलं नाही ते." मग आम्ही भाजणी अर्धी केली. कुळथाचे पीठ सगळेच ठेवले. काटा १५ वर आला. आई प्रत्येक पुडी परत घेऊन आत जात होती आणि काही बोलत नव्हती. शेवटी ती म्हणाली, "लोणचं तरी राहू दे हो."

लोणचे राहिले. परंतु आमचा घरचा काटा आणि विमानतळावरचा काटा यांचे एकमत झाले नाही. तेथे पेटी दोन किलोंनी जास्त भरली. बरणी काढून हातातल्या पिशवीत घातली, तर तपासणीवाल्याने तेलाकडे बोट दाखवून मान हलवली. परत येऊन जादा वजनाचा आकार विचारला. त्या रकमेत तसल्या चार बरण्या बाजारात विकत मिळाल्या असत्या. हा हिशेब आम्ही तेथे उभ्या उभ्या केला, आणि तो बरोबर होता. बरोबर आलेले हिशेबच पुढे माणसाला छळतात.

कचऱ्याच्या डब्याजवळ एका बाकावर आम्ही बरणी ठेवली. टाकण्याचा धीर होईना, म्हणून तिथे झाडणाऱ्या बाईंना विचारले, "लोणचं आहे, घेता का?" त्यांनी बरणी उचलली, दादरा पाहिला.

"घरचं दिसतंय. कुणी दिलंय?"

"आईनं."

त्या बाई आमच्याकडे क्षणभर पाहत राहिल्या. "बरं, मी नीट खाईन," असे म्हणून त्यांनी बरणी आपल्या पिशवीत उभी ठेवली, कलंडू नये म्हणून भोवती पदर खोचावा तसे एक फडके खोचले, आणि त्या पुन्हा झाडू लागल्या. आमचे विमान वेळेवर सुटले.

दुसऱ्या दिवशी आईचा फोन आला. "लोणचं पोचलं का रे?"

"पोचलं. उत्तम झालंय," आम्ही सांगितले.

सरकारी नोकरीत आम्ही खोटी नोंद कधी केली नाही. ही एकच केली, आणि ती श्रावणात उघडकीस आली. सौ. आणि आई यांचे फोनवर सणाचे बोलणे चालले होते. आईने विचारले, "या वर्षीच्या लोणच्यात मोहरी जरा जास्त झाली होती, तुम्हाला लागली का?" सौ.नी सरळ उत्तर दिले, "कुठलं लोणचं, आई? आम्ही तर इथल्या दुकानातलंच आणतो." पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग आईने मुलीच्या शाळेची चौकशी केली.

ती आम्हांस एक शब्दही बोलली नाही. त्या पुढच्या वर्षी घरी गेलो, तेव्हा ओटीवर काही मांडलेले नव्हते. निघायच्या वेळी आईने आतून चार लहान पुड्या आणल्या, प्रत्येकीवर पेन्सिलीने वजन लिहिलेले. वाण्याकडून तोलून आणल्या होत्या. "सगळं मिळून एक किलो आहे," ती म्हणाली. "तुझ्या मापात बसेल." त्याच्या पुढच्या वर्षी पुड्याही नव्हत्या; एक वहीचा कागद होता. त्यावर मेतकुटाचे, मसाल्याचे, लोणच्याचे प्रमाण तिच्या हातचे, वळणदार अक्षरात लिहिलेले. "कागदाला वजन नसतं," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात रुसवा शोधण्याचा आम्ही पुष्कळ प्रयत्न केला. परंतु तो नव्हता. तिने फक्त नियम पाळला होता. आमचाच.

त्या वर्षी आमची पेटी नऊ किलोंची भरली. विमानतळावरील मुलीने काट्याकडे पाहून आमच्याकडे कौतुकाने पाहिले. हलक्या सामानाचे शास्त्र आमच्या हातून पूर्णत्वास गेले होते.

कागदावरून सौ.नी दिल्लीत लोणचे घातले. कैऱ्या आणल्या, मोहरी कुटली, प्रमाण तोळामासा चुकू दिले नाही. लोणचे झाले, वाईट नव्हते. मुलीने विचारले, "आजीचं असंच असतं का?" तिला आजीच्या लोणच्याची चव आठवत नव्हती. चार वर्षांपूर्वी ती इतकी लहान होती, की आठवण राहण्यास ती बरणी घरी पोचायला हवी होती.

आम्ही परप्रांतात नोकरी करणारी माणसे. आपणांपैकी पुष्कळजण गुवाहाटीस असतील, चेन्नईस असतील, कोणी अंदमानातही असतील. वर्षातून एकदा घरी जाणे आणि परत येणे, एवढाच आपला आणि घराचा व्यवहार उरतो. या व्यवहारात आपले स्वतःचे सामान तीन शर्टांचेच असते. तेवढे कमी करण्यास शास्त्र कशाला हवे? पेटी जड होते ती दुसऱ्यांच्या जिन्नसांनी, आणि ते जिन्नस नेण्यासाठीच तर ती पेटी असते. आम्ही शर्ट ठेवले आणि बोचके कमी केले. आजोबांच्या हकीकतीतला अर्धाच भाग आम्हांस पाठ होता.

विष्णुभट गोडसे वरसईकर हे नाव आपणांस परिचित असेल. हे कोकणातील भिक्षुक १८५७ साली दक्षिणा मिळवण्याच्या आशेने उत्तरेकडे निघाले. घरी कर्ज होते, आईवडील वृद्ध होते. वाटेत बंडाचा वणवा पेटला. झाशीच्या वेढ्यात ते अडकले, मिळवलेले द्रव्य पुन्हा पुन्हा लुटले गेले, आणि जे मिळवण्यास निघाले होते त्यातले फारसे काही हाती न राहता ते परतले. पण परतताना त्यांच्या खांद्यावर गंगेची कावड होती. शेकडो मैल ती सांभाळीत ते पायी वरसईस आले आणि त्या जलाने त्यांनी आईवडिलांना स्नान घातले. त्यांची ती हकीकत चिंतामणराव वैद्यांनी १९०७ साली 'माझा प्रवास' या नावाने प्रसिद्ध केली. पुस्तक आम्ही महाविद्यालयात असताना वाचले होते, ते लढाईसाठी. आता पुन्हा काढून वाचले, ते कावडीसाठी. आणि तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली, जी इतक्या वर्षांत आली नव्हती. गोडसे भटजी घरून काही आणीत नव्हते. ते घरी नेत होते.

आम्ही घरी काय नेले? जाताना आमची पेटी नेहमी अर्धी रिकामी असे. त्यास आम्ही 'येतानाची जागा' म्हणत असू. वडील गेल्यानंतरच्या एका हिवाळ्यात आई आमच्याकडे दिल्लीस येऊन राहिली होती. येथील कापसाची रजई तिला फार आवडली. "असली एक घरी हवी रे," ती म्हणाली होती, "पावसात गुडघे गारठतात." परत जाताना ती विमानाने जाणार होती. आम्ही म्हणालो, "आई, रजई पेटीत मावायची नाही. मी नंतर आणून देईन." त्यानंतर आम्ही चार वेळा घरी गेलो. चारही वेळा रजई पेटीत मावणार नव्हती.

या वर्षी सवलत घेऊन आम्ही आगगाडीची तिकिटे काढली आहेत; हजरत निजामुद्दीनहून मंगला एक्सप्रेस, आमच्या हक्काचा वातानुकूलित तिसरा वर्ग, तिघांची. दिल्ली सोडली की दुसऱ्या दिवशी ती रत्नागिरीस पोचवते. रजेतील एक दिवस जास्त जातो, तो जावो. आगगाडीच्या या वर्गात प्रत्येक प्रवाशास ४० किलो सामान विनाआकार नेता येते. हा नियम आम्हांस पूर्वीही ठाऊक होता.

तिकिटे निघाल्यावर आईस फोन केला. "या खेपेस गाडीनं येतोय. माणशी ४० किलो चालतात. काय द्यायचं ते दे."

"चाळीस?" आई म्हणाली. "आता कोण करणार रे तेवढं? माझ्यानं आता बरणी उचलवत नाही. गेल्या वर्षी लोणचं घातलंच नाही मी. वहिनी म्हणाली घालूया, मीच म्हटलं, खातंय कोण!"

आम्हांस काय बोलावे ते सुचेना. फायलीवर अशा वेळी 'चर्चा करावी' असे लिहिता येते. आईजवळ तसे काही लिहिता येत नाही. शेवटी आम्ही म्हणालो, "आई, त्या वर्षी लोणचं इथं पोचलं नव्हतं. मी विमानतळावर दिलं ते एका बाईंना."

"ठाऊक आहे," ती म्हणाली. मग जरा थांबून तिने विचारले, "खाल्लं का तिनं?"

"खाल्लं असेल. नीट खाईन म्हणाली होती."

"मग झालं तर." पलीकडे कोणीतरी तिला हाक मारीत होते. तिने त्यांना थांबायला सांगितले. "कैऱ्या धरल्यात यंदा बऱ्या. तू येऊन चिरून दिल्यास तर बघू. मी नुसतं बसून सांगेन. आणि पोरीला घेऊन ये, तिला मोहरी फेसायला बसवू."

रजई घेतली आहे. तिचे गाठोडे एवढे झाले, की ते घेऊन कचेरीच्या दारातून आत येताना पहारेकऱ्याने आम्हांस अडवले; जेवणाच्या सुट्टीत खरेदी केली होती, दुसरा इलाज नव्हता. संध्याकाळपर्यंत ते आमच्या टेबलाशेजारी होते. येणारे-जाणारे विचारीत होते, "काय हो, हलक्या सामानाचं काय झालं?" आम्ही सांगितले, हे सामान जाताना जड आहे.

अर्जित रजा मंजूर झाली. लेखा विभागातील एका स्नेह्यास पुढच्या आठवड्यात विमानाने भोपाळला जायचे आहे. त्याने काटा मागितला. त्यास सांगितले, परत करण्याची घाई नाही.